सगळ्यांना आवडलेली कादंबरी : एका किशोर वाचनगटाचा प्रकरण अभ्यास

अकरा मुलंमुली, वय तेरा ते सोळा. दर पंधरा दिवसांनी ग्रंथालयाच्या एका खोलीत दीड तास जमायचं आणि सगळ्यांनी वाचलेल्या एका कादंबरीवर बोलायचं, एवढंच ठरलं होतं. पुस्तक मुलंच निवडतील, मी त्यात पडणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. त्यांनी एका तीन भागांच्या मालिकेतला पहिला भाग निवडला. त्या वर्षी ती कादंबरी त्यांच्या वयाच्या बऱ्याच जणांच्या दप्तरात असायची आणि ग्रंथालयातल्या प्रती कपाटात म्हणून टिकायच्या नाहीत. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव कळलं की वाचणारा लगेच कुणाची तरी बाजू घेतो. मुलांचीही नावं देत नाही.

कथानक थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. नायक सोळा वर्षांचा, सतत शाळा बदलाव्या लागणारा, कुणाशी धड दोन वाक्यं न बोलू शकणारा. नव्या शाळेत त्याच्या शेजारी बसणारी मुलगी एक वही लिहीत असते. अकराव्या प्रकरणात ती वही त्याच्या हाती लागते आणि तो ती रात्रभर बसून वाचतो. तिला काय दुखतंय, काय हवंय, हे त्याला तिथे कळतं. मग तो गुपचूप तिच्यासाठी एकेक गोष्ट करत जातो. शेवटी तिला वहीचं कळतं. ती चिडते आणि दोन पानांत त्याला माफ करते.

पहिल्या भेटीत मी गोल बसलेल्या मुलांना विचारलं, "कशी वाटली? पाचपैकी किती?" आज मागे वळून बघताना वाटतं, तो प्रश्न तेव्हा विचारायला नको होता. पहिल्यानं हात वर करून "पाच!" म्हटलं आणि मग ती पाचची माळच लागली. नऊ जणांचे पाच, दोघांचे साडेचार. "भारी आहे." "शेवटी रडवलं." "संपूच नये असं वाटत होतं." वीस मिनिटांत सगळं बोलून झालं आणि खोलीत शांतता पसरली. सगळे सहमत असले की बोलायला काही उरत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी समजले, मुलं लाजताहेत.

भेट संपल्यावर एक चौदा वर्षांची मुलगी मागे रेंगाळली. तिला पुस्तक परत करायचं होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं तेव्हा त्यात दुमडलेल्या कागदाची खूण होती, १३१ व्या पानावर. पुस्तक सव्वातीनशे पानांचं. तिनं पाच गुण दिले होते. मी काही विचारलं नाही, खुणेकडे बघितलं तेवढंच. तीच म्हणाली, "ताई, मी पुढे वाचलंच नाही. त्यानं तिची वही वाचली ना, तिथे बंद केलं. पण सगळ्यांना आवडलंय म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल."

या वाक्यापासून हे प्रकरण खरं सुरू झालं.

तिचे पाच गुण कुठून आले

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून केलेले प्रयोग अनेकांनी ऐकलेले असतील. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि त्यातली कुठली पहिलीएवढी लांब आहे ते सांगायचं. एकटं असताना माणसं जवळजवळ कधीच चुकत नव्हती. पण आधी बोलणारे सगळे जण ठरवून चुकीचं उत्तर देत असतील, तर जवळपास एकतृतीयांश वेळा माणसं त्यांच्या मागे जात होती. डोळ्यांना धडधडीत दिसणाऱ्या रेघेची ही कथा, तर कादंबरीचं काय! तिथे मोजायला पट्टीच नसते. चौदाव्या वर्षी सगळ्या गटाला आवडलेलं पुस्तक आपल्याला आवडलं नाही, तर मूल पुस्तकावर शंका घेत नाही, स्वतःवर घेतं.

ॲश यांच्याच प्रयोगातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. गटातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी चुकीच्या मागे जाण्याचं प्रमाण आधीच्या सुमारे एकचतुर्थांशावर यायचं. एक सोबती पुरतो. त्या मुलीला तो मिळाला नव्हता, कारण मी सगळ्यांना मोठ्यानं, एकापाठोपाठ आणि आकड्यात उत्तर द्यायला लावलं होतं. प्रयोगाची मांडणी जशीच्या तशी मीच करून ठेवली होती.

शिवाय ही कादंबरी 'लोकप्रिय' हे लेबल लावूनच खोलीत आली होती. त्या लोकप्रियतेबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले होते आणि प्रत्येकाला आपापल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसत होतं. जिथे पसंती दिसत होती तिथे वर गेलेली गाणी खूपच वर गेली, आणि कुठल्या गटात कुठलं गाणं वर जाईल याचा अंदाज बांधणं अवघड झालं. उत्तम गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. हे मी पुढे मुलांना सांगितलं. तेव्हा पहिला हात वर करणारा मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी आधी तीन म्हटलं असतं तर?" मला याचं उत्तर द्यायची गरज पडली नाही.

दुसरी भेट, जी मी बिघडवली

त्या मुलीचं नाव न घेता तिचा मुद्दा गटासमोर यावा, असं मला फार वाटत होतं. त्या घाईत मी तो स्वतःच मांडून टाकला. "न विचारता कुणाची वही वाचणं याला मी प्रेम म्हणणार नाही, ती पाळत आहे," असं मी म्हणाले. बोलताना आवाजही चढला असणार, कारण विषय मला जवळचा आहे.

पाच मिनिटांत सहा जण माझ्या बाजूला आले. "हो ताई, क्रिंजच आहे ते." "हिरो टॉक्सिक आहे." पंधरा दिवसांपूर्वी याच सहा जणांनी पाच गुण दिले होते. मत बदललं याचा आनंद मानावा असं त्यात काही नव्हतं. आधी ती मुलं गटाच्या मागे गेली होती, आता माझ्या. मधल्या काळात पुस्तक कुणी उघडलंसुद्धा नव्हतं.

कोपऱ्यात बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलानं तेवढ्यात आपली प्रत मिटली आणि दप्तरात ठेवली. ती त्यानं स्वतः विकत घेतलेली होती. तिला प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, चिकटपट्टीच्या कडा नीट कापलेल्या, आणि पानं मात्र खालच्या कोपऱ्याशी हाताळून मऊ पडलेली. ते पुस्तक त्यानं एकदा वाचलेलं नव्हतं, वारंवार वाचलेलं होतं. उरलेला तासभर तो एक शब्द बोलला नाही.

दोन दिवसांनी तो ग्रंथालयात आला. "मी आता येणार नाही. तुम्ही सगळे त्याला वाईट म्हणता." मी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला. मग दप्तराच्या पट्ट्याशी खेळत म्हणाला, "त्याला विचारता येत नाही, ताई. येत असतं तर त्यानं विचारलंच असतं ना." हे त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं पहिलं पुस्तक होतं. सहा वर्षांत त्याची ही चौथी शाळा, हे मला गटाच्या नोंदीतून माहीत होतं. तो त्याबद्दल बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

किशोर वाचकांची मतं ऐकताना मोठ्यांच्या हातून नेमकं हे निसटतं, असं मला वाटतं. या वयात "मला हे पुस्तक आवडतं" या वाक्यात बहुतेक वेळा "मी असा आहे" हे दडलेलं असतं. साहित्याच्या अमेरिकन अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्येच मांडलं होतं की पुस्तकाचा अर्थ नुसता छापील पानात नसतो. वाचणारा आपलं आयुष्य घेऊन पानाशी येतो आणि दोघांच्या भेटीतून अर्थ घडतो. त्या मुलानं नायकात स्वतःचा अबोलपणा पाहिला होता. त्या मुलीनं वहीच्या जागी स्वतःची वही पाहिली होती. दोघांची वाचनं मनापासूनची होती. मी भर गटात एकाच्या वाचनावर शिक्का मारला होता.

पण रोझेनब्लाट एवढंच म्हणून थांबत नाहीत, आणि त्यांचं नाव घेणारे पुष्कळदा पुढचा भाग सोडून देतात. वाचकानं काहीही अर्थ काढावा अशी मोकळीक त्या देत नाहीत. आपल्याला जे वाटलं त्याला पानावर आधार आहे का, हे परत जाऊन बघायचं असतं. आमच्या गटात दोन भेटी झाल्या तरी पानाकडे परत कुणीच गेलं नव्हतं. मीसुद्धा.

मी त्या मुलाला म्हणाले, "एकदाच ये. मी माझं मत बोलणार नाही. तुला विचारता न येण्याच्या जागा पुस्तकात कुठे दिसल्या, त्यांच्यावर खुणा करून आण." तो हो म्हणाला नाही. पण आला.

तिसरी भेट

या वेळी बोलण्याआधी लिहायचं ठरवलं. प्रत्येकाला एक कार्ड, त्यावर नाव नाही, वेळ दहा मिनिटं. गुण द्यायचे नाहीत. ब्रिटिश बालसाहित्यिक एडन चेंबर्स यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात मुलांशी पुस्तकांवर कसं बोलावं ते सांगताना चार साधे प्रश्न दिले आहेत, ते मी घेतले: काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकून गेलं, आणि काय पुन्हापुन्हा येताना किंवा कशाशी तरी जुळताना दिसलं. मोठ्यांनी "का?" विचारणं टाळावं, असंही ते सुचवतात. आपल्याकडून आलेलं "का आवडलं?" मुलांना तोंडी परीक्षेसारखं लागतं. "सांग ना अजून" म्हटलं की मूल सैल होतं. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, हे माझं मत. आवडलं-नावडलंमध्ये बाजू घ्यावी लागते. कोडं सांगायला कुणाशी वैर घ्यावं लागत नाही.

कार्डं गोळा करून, मिसळून मी मोठ्यानं वाचली. अकरापैकी पाच कार्डांवर वही होती. दोघांनी लिहिलं होतं की पुस्तक पूर्ण वाचलं नाही. एकानं कबूल केलं होतं की मधली साठ पानं टाकून थेट शेवट वाचला. पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि पानं गाळण्याचा वाचकाला हक्क आहे, असं फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये लिहून ठेवलंय. ते सांगितल्यावर दोनचार चेहऱ्यांवरचा ताण उतरलेला दिसला. १३१ पानांवर थांबलेली मुलगी कुणाकडेच बघत नव्हती, पण तिच्यासारखी आणखी एक व्यक्ती या खोलीत आहे हे तिला कळलं होतं.

मग अकराव्या प्रकरणातलं ते दीड पान दोनदा वाचलं, दोन वेगवेगळ्या आवाजांत. दुसरं वाचन संपताच गटातल्या सगळ्यात लहान मुलीनं विचारलं, "पण वहीत तिनं काय लिहिलंय ते आपल्याला कुठे दिसतं? तो सांगतो तेवढंच ना?"

पानं उलटायला सुरुवात झाली. दहाएक मिनिटं खोलीत फक्त तोच आवाज. वहीतली वाक्यं अवतरणात जशीच्या तशी किती वेळा येतात ते मुलांनी मोजून काढलं. सबंध कादंबरीत चार वेळा. बाकी सगळं नायकाच्या तोंडून: तिला असं वाटत होतं, ती एकटी होती, तिला कुणीतरी समजून घ्यायला हवं होतं. ती माफ करते तेसुद्धा त्याच्याच शब्दांत.

तिथून बोलण्याचा सगळा नूर पालटला. नायक चांगला की वाईट हा वाद मागे पडला आणि पुस्तक आपल्याला कुणाच्या डोळ्यांनी बघायला लावतंय याची शोधाशोध सुरू झाली. 'प्रथमपुरुषी निवेदन' हा शब्द शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी हाताला लागला. खुणेवाली मुलगी पहिल्यांदा आपणहून बोलली: "म्हणून मला ती भेटलीच नाही. मी तिच्यासाठी वाचत होते आणि ती कुठे नव्हतीच."

"तो खोटं सांगत नाहीये पण," कोपऱ्यातला मुलगा म्हणाला.

"खोटं नाही. त्याला दिसलं तेवढं."

तेव्हा त्यानं आपली प्रत काढली. कागदाच्या तीन बारीक चिठ्ठ्या त्यात लावलेल्या. तिन्ही ठिकाणी नायक तिच्याशी बोलायला तोंड उघडतो, वाक्य सुरू होतं आणि टिंबांमध्ये संपतं. पहिल्या दोन जागा वही सापडण्याच्या आधीच्या, तिसरी नंतरची, २०७ व्या पानावर. ही तिसरी जागा तिनं वाचलेलीच नव्हती. "बघू," ती म्हणाली. त्यानं पुस्तक तिच्या बाजूला फिरवलं आणि बोटानं ओळ दाखवली. तिनं वाचलं. "तरी वही वाचायला नको होती," ती म्हणाली. "हं," तो म्हणाला. त्या दोघांचं त्या दिवशीचं बोलणं एवढंच. पण पुस्तक दोघांच्या मध्ये उघडं होतं.

चौथी भेट आणि जे जमलं नाही

चौथ्या भेटीत मी एक जुना किस्सा सांगून सुरुवात केली. १९३६ साली स्टॅन्ली अनविन या प्रकाशकानं टोल्कीन यांच्या 'द हॉबिट'चं हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं आणि अभिप्रायाचं मानधन म्हणून एक शिलिंग दिला. पोरानं छोटासा अभिप्राय लिहिला: पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. पुढच्या वर्षी ते छापून आलं. मला त्यातलं आवडतं ते हे, की हे पुस्तक कुणासाठी आहे याचा विचार त्या दहा वर्षांच्या मुलानं केला होता, आणि त्यात स्वतःला धरलं नव्हतं.

तोच प्रश्न मी गटाला दिला: ही कादंबरी कुणाच्या हातात द्याल? धाकटी म्हणाली, "माझ्या दादाला. तो माझी वही वाचतो." कोपऱ्यातला मुलगा म्हणाला, "नव्या शाळेत गेलेल्या कुणालाही." खुणेवाली म्हणाली, "पूर्ण कुणालाच नाही. पण अकरावं प्रकरण सगळ्यांना." एका प्रश्नातून नायक, लेखन आणि वाचक या तिन्हींवर बोलणं झालं. पाचपैकी किती, यातून ते कधीच झालं नसतं.

शेवटी मीही माझं मत सांगितलं, बारावी वाचक म्हणून. वहीबद्दल मला आधी जे वाटत होतं ते आजही वाटतं आणि ते मुलांपर्यंत पोचायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाळत ठेवण्याला प्रेमाचं नाव देणाऱ्या गोष्टी या वयात खूप वाचल्या जातात, आणि मोठ्यांनी तिथे गप्प बसू नये. फक्त ते शेवटी यावं, मुलांचं बोलून झाल्यावर. या वेळी धाकटीनं मला मध्येच तोडलं: "ताई, पण तिनं माफ करायला दोनच पानं का घेतली, हे जास्त वाईट आहे." माझ्या लक्षातही न आलेली गोष्ट होती ती.

सगळंच जमलं असं नाही. दोघं जणं तिसऱ्या भेटीनंतर आलेच नाहीत. त्यातली एक रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "आधी मजा यायची. आता तासासारखं वाटतं." तिचं म्हणणं मला पटलं. आवडत्या पुस्तकाबद्दल नुसतं ओरडून, आवडती वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवण्यातही वाचनाचा मोठा आनंद असतो, आणि मी तो पहिल्या वीस मिनिटांचा गोंधळ समजून मोडीत काढला होता. आता भेटीची सुरुवात त्यानंच होते. मी तेव्हा खुर्च्या लावत असते. बिननावाच्या कार्डांचंही फार दिवस चाललं नाही. एकीची जांभळी शाई सगळ्यांना ओळखू यायची, म्हणून आता सगळे एकाच ठेवणीतल्या पेन्सिलीनं लिहितात. शेवट फोडायचा की नाही यावर तर आजही दर वेळी भांडण होतं. पुस्तक पूर्ण न केलेल्यानं ते आधीच सांगावं आणि बाकीच्यांनी त्याच्या पानापर्यंतच बोलावं, अशी तडजोड सध्या चालू आहे.

गुण मी बंद केले नाहीत, मुलांना ते आवडतात. पण ते सगळं बोलून झाल्यावर, कार्डावर लिहून द्यायचे. या कादंबरीला शेवटी दीडपासून पाचपर्यंत गुण पडले. कोपऱ्यातल्या मुलानं पाचच दिले, वर्तुळ काढून. खुणेवालीनं अडीच.

दीड महिन्यानं तो मुलगा मालिकेचा तिसरा भाग ग्रंथालयात परत करायला आला. पुस्तकात एक चिठ्ठी होती: "पान ८८. इथे तो विचारतो. तिला दाखवा." मी प्रत कपाटात न लावता टेबलाच्या खणात ठेवली आणि पुढच्या भेटीत तिच्या हाती दिली. तिनं तिथेच उभ्याउभ्या ते पान वाचलं, मग मागचं, मग पुढचं. चिठ्ठी काढून घेतली नाही. दुसरा भाग कुणाकडे आहे का, असं तिनं विचारलं. तो कुणीतरी नेलेला होता. तिनं यादीत आपलं नाव घातलं.